कुत्र्यांनी दोन उत्तरं दिली होती

गेल्या पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात एक रॉटवायलर मादी आली. वय सात वर्षं. पुढचा उजवा पाय ती जमिनीला टेकवत नव्हती. मालक निवृत्त शिक्षक. "डॉक्टर, जिन्यावरून उडी मारली तिनं, मुरगळला असेल," असं म्हणाले. तीन आठवडे वेदनाशामक गोळ्या देऊन झाल्या होत्या. मनगटाच्या थोडं वर सूज होती, हाताला टणक लागणारी. मी ती दाबली तेव्हा कुत्री केकाटली नाही. शेपटी हलायची थांबली आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

एक्स-रे प्रकाशात धरला आणि पुढचं फारसं बोलावं लागलं नाही. रेडियसचं, म्हणजे कोपर ते मनगट यांमधल्या हाडाचं, खालचं टोक वाळवी लागल्यासारखं पोखरलेलं, आणि हाडाच्या बाहेर नव्या, वेड्यावाकड्या हाडाचे काटे फुटलेले. आम्हा पशुवैद्यांना कॉलेजात एक घोकायचं वाक्य असतं: कोपरापासून लांब, गुडघ्याच्या जवळ. मोठ्या जातीच्या कुत्र्यांमध्ये ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, बहुतेक याच जागा धरतो. बायोप्सीनं तेच सांगितलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. स्वच्छ याचा अर्थ एवढाच, की एक्स-रेला दिसेल एवढी मोठी गाठ अजून झालेली नव्हती.

दोन दिवसांनी सर परत आले ते छापील कागद घेऊन. पेन्सिलीनं एका औषधाच्या नावाखाली रेघ मारलेली: मिफामुर्टाइड. "हे माणसांच्या मुलांना देतात म्हणे युरोपात. आपल्या हिला चालेल का?"

मला हसू आलं. यायला नको होतं. "सर, हे आधी कुत्र्यांनाच दिलं होतं," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी त्यांना जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट सांगतो. एक औषध, एकच चाचणी, आणि अटलांटिकच्या दोन काठांवर दोन उलटे निर्णय. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते मात्र त्या निर्णयांच्या बरंच आधीचं आहे.

एकच आजार, दोन वेग

माणसांमध्ये ऑस्टिओसार्कोमा हा दुर्मीळ आजार. तो येतो बहुतेक किशोरवयात, मुलं भराभर उंच होत असतात तेव्हा, आणि गुडघ्याच्या आसपास. अमेरिकेसारख्या मोठ्या देशातही वर्षाला सुमारे हजार रुग्ण. कुत्र्यांमध्ये तिथेच वर्षाला दहा हजारांहून जास्त कुत्र्यांना तो होतो. ग्रेट डेन, आयरिश वुल्फहाउंड, ग्रेहाउंड, रॉटवायलर, म्हणजे लांब हाडांच्या, वजनदार जाती. सूक्ष्मदर्शकाखाली दोघांच्या गाठी शेजारी ठेवल्या तर कुठली पोराची आणि कुठली कुत्र्याची हे सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं. दोन्हींत टीपी५३ या जनुकाचा बिघाड वारंवार सापडतो आणि गुणसूत्रांची मोडतोड अशी, की नकाशा लावताना डोकं फिरावं. दोन्हींचा पुढचा मुक्काम फुप्फुस.

फरक वेगाचा. नुसता पाय काढला आणि दुसरं काही केलं नाही, तर निम्मी कुत्री चार-पाच महिन्यांत फुप्फुसातल्या गाठींनी जातात. पाय काढताना गाठ निघून जाते, पण तिच्या पेशी आधीच रक्तातून फुप्फुसात जाऊन बसलेल्या असतात. मुलांचंही पूर्वी तेच होतं. केमोथेरपीचा खरंच उपयोग होतो का, यावर सत्तरच्या दशकात वाद होता. १९८६ साली छापून आलेल्या एका अमेरिकी चाचणीनं तो मिटवला. निव्वळ शस्त्रक्रिया झालेल्या मुलांपैकी दोन वर्षांनी आजार न उलटलेली होती १७ टक्के. शस्त्रक्रियेनंतर केमो मिळालेल्यांत ६६ टक्के. त्यानंतर मात्र गाडी तिथेच अडकली. औषधं बदलली, मात्रा वाढवल्या, क्रम बदलले, आकडा साठ-सत्तरच्या आसपासच राहिला. कर्करोगाच्या इतर शाखांत वीस वर्षांत काय काय झालं, ते पाहिलं की ही थांबलेली रेघ डोळ्यांत खुपते.

बीसीजीपासून लायपोसोमपर्यंत

आपल्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डाव्या दंडावर एक व्रण आहे. बीसीजीचा. क्षयाविरुद्ध दिलेली ही लस शरीराच्या पहारेकरी पेशींना खडबडून जागं करते, आणि त्या जाग्या झाल्या की कर्करोगाच्या पेशींवरही तुटून पडतात, असं संशोधकांच्या लक्षात आलं होतं. सत्तरच्या दशकात इंग्लंडमध्ये ओवेन आणि बॉस्टॉक या दोघांनी हाडाचा कर्करोग झालेल्या कुत्र्यांना शिरेतून बीसीजी देऊन पाहिली होती. कल्पना त्याहून जुनी. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९०च्या दशकात सार्कोमाच्या रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचले होते. त्याआधी हाडाच्या सार्कोमानं गेलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलीनं त्यांना अस्वस्थ केलं होतं.

जिवंत जिवाणू शिरेत सोडणं हा धोक्याचा मामला. म्हणून प्रश्न असा झाला, की जिवाणूच्या भिंतीतला नेमका कोणता तुकडा पहारेकऱ्यांना जागं करतो? १९७४ साली फ्रेंच संशोधकांनी तो सगळ्यात लहान तुकडा वेगळा काढला: म्युरामिल डायपेप्टाइड. तो तसाच टोचला तर लघवीवाटे भराभर निघून जातो, काम करायला थांबतच नाही.

इथे या गोष्टीत आयझाया फिडलर येतात. जेरुसलेममध्ये जन्मलेला, शिक्षणानं पशुवैद्य असलेला हा माणूस पुढे कर्करोगाच्या प्रसारावरचा जगातला मोठा अभ्यासक झाला. (आमच्या धंद्यातला म्हणून मला त्याचा जरा जास्तच अभिमान, हे कबूल.) त्यांचं डोकं असं चाललं: मॅक्रोफेज ही पेशी भक्षक आहे, समोर येईल तो कण गिळते. मग औषध स्निग्ध पदार्थाच्या बारीक फुग्यात, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून शिरेत सोडलं तर हे भक्षक ते आपणहून गिळतील. असे फुगे फुप्फुसातल्या पेशींच्या तावडीत भरपूर सापडतात. म्हणजे जिथे चोर लपलाय, तिथल्याच पहारेकऱ्याला जागं करायचं. सिबा-गायगी कंपनीनं म्युरामिलच्या तुकड्याला चरबीची शेपटी जोडून तो फुग्याच्या भिंतीत घट्ट बसेल असा केला. तेच हे मिफामुर्टाइड. उंदरांत फुप्फुसातल्या गाठी विरघळल्या.

उंदरांत सगळंच विरघळतं. तिथे गाठ आपण टोचलेली असते, उंदीर एकमेकांच्या प्रती असतात, आणि प्रयोग काही आठवड्यांत संपतो. खरी परीक्षा हवी होती ती म्हाताऱ्या होणाऱ्या, घरात राहणाऱ्या, आपसूक आजारी पडलेल्या जिवावर.

विस्कॉन्सिनची सत्तावीस कुत्री

ती परीक्षा ग्रेगरी मॅकइवन यांनी घेतली. हेही पशुवैद्यच, पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात. १९८९ साली त्यांचा निकाल छापून आला. २७ पाळीव कुत्री, सगळ्यांचा पाय काढलेला, सगळ्यांची छाती एक्स-रेवर स्वच्छ. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट: १४ कुत्र्यांना औषधाचे लायपोसोम, १३ जणांना रिकामे लायपोसोम. केमो कुणालाच नाही. रिकाम्या गटाचं मध्यम आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री जेवढं जगली तो काळ) ७७ दिवस, औषधाच्या गटाचं २२२ दिवस.

सत्तावीस हा आकडा लहान आहे. पण फरक तिप्पट होता, आणि ही कुत्री प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यातली नव्हती. ती रोज कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत होती. सही मालकांनी केलेली होती.

पुढचा प्रश्न उघड होता. एव्हाना कुत्र्यांनाही सिसप्लॅटिन हे केमोचं औषध दिलं जात होतं. ते द्यायचं तर नवं औषध कधी द्यायचं, नंतर की सोबत? मॅकइवन आणि त्यांच्या सहकारी आयलीन कर्झमन यांनी दोन्ही करून पाहिलं, आणि १९९५ साली दोन्हींचे निकाल एकाच लेखात दिले. या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तोच लेख आहे.

पहिल्या चाचणीत आधी सिसप्लॅटिनचे चार डोस पूर्ण केले. तोवर ज्यांच्या फुप्फुसात काही दिसलं नाही अशी २५ कुत्री उरली. त्यांतल्या ११ जणांना औषध, १४ जणांना रिकामे लायपोसोम. मध्यम आयुष्य १४.४ महिने विरुद्ध ९.८ महिने. फायदा.

दुसऱ्या चाचणीत ६४ कुत्री होती आणि औषध सिसप्लॅटिनच्या सोबतच दिलं. काही जणांना आठवड्यातून एकदा, काहींना दोनदा, काहींना रिकामं. फायदा नाही. गटांमधला फरक ठरवण्याजोगा निघाला नाही.

म्हणजे तेच औषध, तोच आजार, तीच प्रजाती. आधी केमो संपवून मग दिलं तर उपयोग, सोबत दिलं तर नाही. मॅक्रोफेज जिथून येतात त्या अस्थिमज्जेलाच केमो दर तीन-चार आठवड्यांनी झोडपत असेल तर पहारेकऱ्याला जागं करून काय होणार, असा एक तर्क त्यावर करता येतो. तर्कच तो. पण निरीक्षण मात्र तर्क नव्हतं.

एका दगडात दोन पक्षी

दरम्यान मुलांसाठीची चाचणी सुरूही झालेली होती. तिचं सरकारी नाव आयएनटी-०१३३. १९९३ ते १९९७ या काळात अमेरिकेतल्या बालकर्करोग गटांनी मिळून ती चालवली, आणि प्रसार न दिसलेल्या ६६२ रुग्णांचा हिशेब पुढे मांडला गेला. इतक्या दुर्मीळ आजारात एवढे रुग्ण जमवणं म्हणजे वारीतल्या दिंड्या एका तळावर आणण्यासारखं. मोठंच काम, आणि तिथेच मोह झाला. एवढी मुलं पुन्हा कधी जमणार? मग एकाच चाचणीत दोन प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न: नेहमीच्या तीन औषधांच्या (मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन) जोडीला चौथं, आयफॉस्फामाइड, घातलं तर? दुसरा प्रश्न: मिफामुर्टाइड दिलं तर? म्हणून चार गट. तीन औषधं, तीन औषधं अधिक मिफामुर्टाइड, चार औषधं, चार औषधं अधिक मिफामुर्टाइड.

या रचनेची एक अट असते. दोन्ही प्रश्नांनी एकमेकांत ढवळाढवळ करता कामा नये. भाजीत मीठ आणि गूळ दोन्ही नव्यानं घालून पाहायचं असेल, तर गुळामुळे मिठाची चव बदलत नाही असं आधी मानावं लागतं. मानलं नाही तर चार पातेल्यांचा हिशेब दोन पातेल्यांचा करता येत नाही. त्यात एक गुंता आणखी होता: चौथं औषध निव्वळ वरून घातलेलं नव्हतं. शस्त्रक्रियेआधीच्या टप्प्यात आयफॉस्फामाइडनं सिसप्लॅटिनची जागा घेतली होती आणि सिसप्लॅटिन नंतरच्या टप्प्यात ढकललं होतं.

आणि मिफामुर्टाइड कधी? शस्त्रक्रियेनंतर, उरलेल्या केमोच्या सोबतच.

मला इथे थांबावंसं वाटतं. १९९५ साली कुत्र्यांवरचा लेख आला तेव्हा मुलांच्या चाचणीत निम्मी भरती होऊन गेली होती. चालत्या चाचणीची रचना बदलता येत नाही, हे मला कळतं. त्या डॉक्टरांनी काही लपवलं, किंवा दुर्लक्ष केलं असा आरोप मी करत नाही. पण कुत्र्यांकडून माणसांकडे जे नेलं गेलं ते पहिलं उत्तर होतं: "उपयोग होतो". दुसरं उत्तर, "कधी दिलं त्यावर अवलंबून आहे", मागे राहिलं. आमच्या क्षेत्रात हे नेहमीच होतं. कुत्र्याच्या चाचणीला दाखल्यासारखं वापरतात. शाळेत प्रवेश मिळाला की दाखला फाईलमध्ये जातो आणि पुन्हा कुणी वाचत नाही.

२००५ साली पहिले निकाल आले. तीन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण असं: तीन औषधं ७१ टक्के, त्यात मिफामुर्टाइड घातल्यावर ६८. चार औषधं ६१ टक्के; त्यात मिफामुर्टाइड घातल्यावर ७८. पुन्हा वाचा. एका जोडीत नवं औषध घातल्यावर किंचित घसरण, दुसऱ्या जोडीत सतरा टक्क्यांची उडी. मीठ आणि गूळ एकमेकांत मिसळले होते, निदान तसं दिसत होतं. आणि चौथं औषध एकटं घातल्यावर नेहमीच्या तीनपेक्षा वाईट का, हेही कुणाला पटण्यासारखं सांगता येईना.

२००८ साली जास्त काळाचा हिशेब आला. तोवर दोन औषधांतली ढवळाढवळ आकड्यांत ठामपणे उरली नव्हती, म्हणून चार पातेली दोन करून पाहिली. सहा वर्षांनी जिवंत असलेले: मिफामुर्टाइडशिवाय ७० टक्के, मिफामुर्टाइडसह ७८ टक्के. फरक योगायोगानं येण्याची शक्यता शंभरात तीन. पण आजार न उलटता राहिलेले ६१ विरुद्ध ६७ टक्के, आणि तिथे योगायोगाची शक्यता शंभरात आठ. औषध नियामकांची रूढ मर्यादा पाच. आणि चाचणी सुरू करताना मुख्य कसोटी म्हणून लिहिली होती ती हीच दुसरी, आजार न उलटण्याची.

मे २००७

हे औषध तोवर कंपन्यांच्या हातांतून फिरत आयडीएम फार्माकडे आलेलं होतं. त्यांनी २००६ साली अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेकडे, मंजुरीचा अर्ज केला. ९ मे २००७ रोजी सल्लागार समिती बसली. मुख्य कसोटी उतरलेली नाही, दोन औषधांचे परिणाम एकमेकांत मिसळल्याची शंका, काही रुग्णांच्या पुढच्या नोंदी अपुऱ्या, आणि सगळा भरवसा एका चाचणीवर. परिणामकारकतेचा पुरेसा पुरावा आहे का, यावर मत घेतलं. १२ विरुद्ध २: नाही. ऑगस्टमध्ये एफडीएनं त्याला धरूनच कळवलं. हे औषध अमेरिकेत आजवर बाजारात आलेलं नाही.

युरोपातल्या औषध संस्थेकडेही तीच चाचणी गेली. तिथल्या समितीनं डिसेंबर २००८ मध्ये होकार दिला आणि मार्च २००९ मध्ये मेपॅक्ट या नावानं ते मंजूर झालं: २ ते ३० वर्षं वयाच्या, प्रसार न दिसलेल्या आणि गाठ पूर्ण काढता आलेल्या रुग्णांसाठी, केमोच्या जोडीला. जगण्यातला आठ टक्क्यांचा फरक त्यांना जास्त वजनदार वाटला. ब्रिटनच्या खर्च तपासणाऱ्या संस्थेनं आधी किमतीवरून नाक मुरडलं, मग कंपनीनं दर उतरवल्यावर २०११ मध्ये मान्यता दिली. दरम्यान ताकेदानं आयडीएम विकत घेतली होती.

कोण बरोबर? मला विचाराल तर दोघेही आपापल्या नियमाला धरून होते. हाडाच्या कर्करोगात वीस वर्षांत काही नवं आलेलं नाही, औषधाचा त्रास ताप-थंडीपलीकडे फारसा नाही, आणि शंभरांत आठ मुलं जास्त जगतायत असं दिसतंय. आई-बाप म्हणून मी युरोपच्या बाजूनं हात वर केला असता. पण समितीत बसून, आधी लिहिलेली कसोटी नापास झाल्यावर दुसरी उचलायची का, असं विचारलं असतं, तर मीही अडलो असतो. निर्णय चुकला तो २००७ मध्ये नव्हे. १९९३ मध्ये एका दगडात दोन पक्षी मारायला निघालो, तेव्हाच निर्णय देता न येण्याची सोय करून ठेवली होती.

औषध कसं देतात तेही सांगतो, कारण आकड्यांत ते हरवतं. कुपीत कोरडी भुकटी असते. त्यात ५० मिलिलिटर सलाईन घालून कुपी एक मिनिट चांगली खळखळून हलवतात. लायपोसोम तयार होतात ते तेव्हा, नर्सच्या हातात. द्रव दुधासारखा पांढरा आणि अपारदर्शक होतो. तो गाळणीतून पिशवीत, आणि तासाभरात शिरेतून. पहिल्या डोसनंतर बहुतेक मुलांना थंडी वाजून ताप येतो. ताप म्हणजे पहारेकरी जागे झाल्याची खूण. पहिले १२ आठवडे आठवड्यातून दोनदा, पुढचे २४ आठवडे एकदा: एकूण ४८ डोस. पाय किंवा गुडघा नुकताच गमावलेल्या, केमोनं केस गेलेल्या मुलाला ४८ वेळा सुई.

नंतरचं

औषध जिथे सगळ्यात चमकलं तो गट होता आयफॉस्फामाइडचा. गंमत अशी, की पुढे २०१६ मध्ये युरॅमॉस या आंतरराष्ट्रीय चाचणीनं दाखवलं, की केमोला कमी प्रतिसाद दिलेल्या मुलांना वरून आयफॉस्फामाइड आणि एटोपोसाइड देऊन फायदा होत नाही. त्रास मात्र वाढतो. म्हणजे अमेरिका आणि युरोपच्या बऱ्याच भागात नेहमीची पद्धत पुन्हा तीनच औषधांची राहिली, आणि त्या जोडीत मिफामुर्टाइडचा आकडा ७१ वरून ६८ झाला होता. आपल्याकडची गोष्ट वेगळी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये मोठ्या मात्रेचं मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिसप्लॅटिन आणि आयफॉस्फामाइडची पद्धत बसवली गेली. त्या मेथोट्रेक्सेटसाठी रक्तातली पातळी पुन्हापुन्हा तपासावी लागते आणि रुग्णाला दाखल ठेवावं लागतं. खाटेची वाट बघत दारात बसलेल्या पोरांना ते परवडणारं नाही. फ्रान्समध्ये मुलांच्या पद्धतीत आयफॉस्फामाइड मुळातच आहे, आणि तिथेच २०१८ मध्ये सार्कोम-१३ ही चाचणी सुरू झाली: जास्त जोखमीच्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरच्या केमोला मिफामुर्टाइडची जोड. यावेळी प्रश्न एकच.

कुत्र्यांच्या चाचण्यांचं मात्र बरं चाललंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं २००३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कार्यक्रम काढला. चंद खन्ना हे त्याचे संस्थापक, पुन्हा पशुवैद्यच. विद्यापीठांतली पशुरुग्णालयं जोडून एकाच नियमानं चाचणी करायची, अशी ती व्यवस्था. तिथे रॅपामायसिन या औषधाची परीक्षा झाली ती ३२४ कुत्र्यांवर. २७ वरून ३२४. २०२१ साली निकाल आला: मध्यम आयुष्य केमोनं २८२ दिवस, केमोनंतर रॅपामायसिन दिल्यावर २८० दिवस. शून्य. माझ्या लेखी ही त्या कार्यक्रमाची मोठी कमाई आहे, कारण "नाही" हे उत्तरही इतकं स्वच्छ मिळालं की एखादं मूल त्या वाटेनं जायचं वाचावं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात निकोला मेसन यांनी लिस्टेरिया हा जिवाणू दुबळा करून, गाठीच्या पेशींवर सापडणारं हर२ हे प्रथिन शरीरानं ओळखावं म्हणून त्याच्यात ते घालून, केमो पूर्ण झालेल्या १८ कुत्र्यांना टोचला. मध्यम आयुष्य ९५६ दिवस. अठराच कुत्री, शेजारी चिठ्ठीनं निवडलेला गट नाही, म्हणून मी हुरळत नाही. पण केमो पूर्ण झाल्यावर, हे तीन शब्द मी दोनदा वाचले.

शेवटी सरांच्या कुत्रीचं. मिफामुर्टाइड कुत्र्यांसाठी कधी बाजारात आलंच नाही. माणसांच्या कुपीच्या किमतीत ४८ तर सोडाच, आठ डोससुद्धा शिक्षकाच्या पेन्शनमध्ये बसणारे नव्हते. सरांनी ते ऐकून कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. "म्हणजे पेपर यांनी सोडवला आणि पास दुसरे झाले," एवढंच म्हणाले.

पाय काढला. तिसऱ्या दिवशी ती तीन पायांवर दवाखान्याच्या पायऱ्या उतरली, जिन्याची भीती चार पायांच्या कुत्रीला असेल त्याहून कमी. कार्बोप्लॅटिनचे चार डोस तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दिले. दर डोसाआधी पांढऱ्या पेशी मोजायच्या. दुसऱ्या वेळी त्या कमी होत्या म्हणून एक आठवडा थांबलो. सर दर वेळी डब्यात उकडलेली कोंबडी आणायचे, आणि मी सुई काढली की लगेच झाकण उघडायचे.

परवा दहावा महिना संपला. छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा एक ठिपका आहे. तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय.